संगीन : ओळख आणि पारख

पहिल्या महायुद्धात (१९१४-१९१८) महाराष्ट्रातील, विशेषतः सातारा व रत्नागिरी भागांतील, हजारो तरुण सैन्यात दाखल झाले. गावातून किती माणसे युद्धावर गेली आणि किती परतली नाहीत, हे सांगणारे संगमरवरी लेख अनेक गावांत आजही पाहावयास मिळतात. अशा गावांतील जुन्या घरांत माळ्यावर किंवा भिंतीवर क्वचित लांब पात्याची संगीन आढळते. कोणी तिला शिवकालीन म्हणतो, कोणी पणजोबांनी रणांगणावरून आणलेली म्हणतो. यांतील खरे काय, याची साक्ष पुष्कळ अंशी ती संगीनच देऊ शकते. मात्र त्यासाठी तिच्यावरील खुणा शाबूत असल्या पाहिजेत.

पहिली खूण : कडे आणि खाच

बंदुकीच्या नळीच्या टोकाशी बसविण्याचे पाते म्हणजे संगीन. सतराव्या शतकात युरोपात तिचा वापर सुरू झाला. पुढे नळीभोवती बसणारी पोकळ नळकांडी असलेली, तीन धारांची संगीन रूढ झाली. अठराव्या शतकाच्या अखेरीस महादजी शिंदे यांच्या कवायती पायदळाकडे बंदुका व संगिनी होत्या. एकोणिसाव्या शतकात सुरीसारख्या व तलवारीसारख्या पात्याच्या संगिनी प्रचारात आल्या. त्यांच्या आडव्या पट्टीला बंदुकीच्या तोंडाशी बसणारे कडे, मुठीच्या टोकाला लांब खाच आणि ती अडकवून धरणारी दाबाची कळ असते. कट्यार, बिचवा किंवा खंजीर यांना असे काहीही नसते. कडे व खाच दिसली की ते शस्त्र शिवकालीन नव्हे, हे निश्चित समजावे.

१९०७ हे निर्मितीचे वर्ष नव्हे

ब्रिटिश व भारतीय सैन्यात दीर्घकाळ वापरात असलेली संगीन ही १९०७ च्या नमुन्याची होय. ती ली-एनफील्ड रायफलीसाठी होती. जपानी संगिनीच्या धर्तीवर तयार झालेल्या या शस्त्राचे पाते १७ इंच, म्हणजे सुमारे ४३ सेंटिमीटर लांब असून त्याच्या दोन्ही बाजूंस पन्हळ असते.

मुठीलगतच्या पात्यावर राजमुकुट, ‘जी. आर.’ ही रोमन अक्षरे आणि १९०७ हा आकडा असतो. हा आकडा पाहून संगीन १९०७ साली घडविली, असा समज सर्रास होतो. वस्तुतः ते नमुना मंजूर झाल्याचे वर्ष आहे. निर्मितीचा महिना व वर्ष त्याखाली लहान अंकांत असतात. ५ आणि १७ असे अंक असल्यास ती मे १९१७ मधील समजावी. जवळच विल्किन्सन, सँडरसन, चॅपमन अशा उत्पादकांपैकी एकाचे नाव असते. बंगालमधील ईशापूर येथील कारखान्याच्या संगिनीवर ‘आर. एफ. आय.’ ही अक्षरे आढळतात. पात्याच्या दुसऱ्या बाजूस सरकारी मालकीचा बाण, तपासनिसांचे शिक्के आणि पाते वाकवून केलेल्या चाचणीची फुलीसारखी खूण असते.

बनावट आणि दुरुस्ती यांतील भेद

प्रारंभीच्या संगिनींच्या आडव्या पट्टीचे खालचे टोक आकड्यासारखे वळलेले होते. १९१३ मध्ये ब्रिटनने हा आकडा रद्द केला आणि अनेक जुन्या संगिनींवरील आकडे कापूनही टाकण्यात आले. आकडा असलेली संगीन म्हणूनच दुर्मीळ असून तिला संग्राहकांकडून अधिक किंमत येते. त्यामुळे साध्या संगिनीस आकडा जोडून ती विकण्याचे प्रकार होतात. अशा वेळी जोडाची रेघ, घासल्याच्या खुणा आणि निर्मितीचे वर्ष पाहावे. १९१७ मधील ब्रिटिश संगिनीवर आकडा असणे संशयास्पद होय.

उलटपक्षी, प्रत्येक विसंगती म्हणजे लबाडी नव्हे. घाण साचू नये म्हणून मुठीच्या टोकाला आरपार छिद्र ठेवण्याची पद्धत १९१६ मध्ये आली. त्यापूर्वीच्या संगिनींनाही दुरुस्तीच्या वेळी ते पाडण्यात आले. दुसऱ्या महायुद्धात भारतात १२ इंचांची पाती वापरात आली. काही जुनी पाती कापून आखूड केली गेली. त्यांची पन्हळ जवळजवळ टोकापर्यंत पोहोचते, यावरून ती ओळखता येतात.

संगीन काय सांगत नाही

मुठीच्या टोकावर किंवा आडव्या पट्टीवर पलटणीची अक्षरे व क्रमांक असू शकतात. सैनिकाचे नाव मात्र नसते. शिवाय संगीन ही सरकारी मालमत्ता असल्याने ती सेवेअखेर परत करावी लागे. सैन्याने मोडीत काढलेली शस्त्रे नंतर विक्रीसही आली. तेव्हा घरात संगीन आहे एवढ्यावरून ती पणजोबांचीच, असे सिद्ध होत नाही. त्यासाठी सेवामुक्तीचा दाखला आणि पदके पाहावीत. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश युद्धपदकाच्या कडेवर सैनिकाचे नाव, क्रमांक व पलटण कोरलेली असते. संगिनीवरील पलटणीची खूण या नोंदीशी जुळली, तर घरातील आठवणीस भक्कम आधार मिळतो.

जतन आणि कायदा

खंडेनवमीस शस्त्रे घासून पूजण्याची प्रथा आहे. विटेची पूड, चिंच किंवा काचकागद यांनी दरवर्षी घासल्यास बारीक अंक प्रथम नाहीसे होतात. शिकलगाराच्या साणेवर तर एका फेऱ्यात शंभर वर्षांची नोंद पुसली जाते. कोरड्या मऊ कापडाने पुसून लोखंडी भागास तेलाचा पातळ हात द्यावा, एवढे पुरेसे आहे. खुणा तिरप्या प्रकाशात वाचाव्यात व त्यांची छायाचित्रे घ्यावीत. संगीन ओल्या चामड्याच्या म्यानात ठेवू नये.

शस्त्र अधिनियम, १९५९ खालील २०१६ च्या नियमांत धारदार शस्त्रांच्या वर्गात संगिनीचा नावानिशी उल्लेख आहे. म्हणून ती जवळ ठेवण्यापूर्वी, शाळेच्या संग्रहात मांडण्यापूर्वी किंवा विकण्यापूर्वी पोलीस ठाण्यात चौकशी करावी. तसेच ऐतिहासिक महत्त्वाची, शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येते. अशी वस्तू खाजगीरीत्या परदेशी पाठविता येत नाही.

शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी गावातील अशा शस्त्रांवरील खुणा, घरातील कागदपत्रे आणि गावचा युद्धलेख यांची एकत्रित नोंद केल्यास, युद्धावर गेलेल्या अनेक सामान्य सैनिकांचा विस्मृतीत गेलेला इतिहास पुन्हा उभा राहू शकेल. त्याचा प्रारंभ संगीन घासण्याआधी ती वाचण्यापासून करावयाचा आहे.