काळ्या दगडाचा पांढरा ठसा

अंबरनाथच्या शिवमंदिरावर शके 982 चा, म्हणजे इसवी सन 1060 चा लेख आहे. आता गंमत ऐका. 1868 साली मुंबईच्या कलाशाळेतले विद्यार्थी आपले शिक्षक टेरीसाहेब यांच्याबरोबर इथे आले आणि या काळ्या दगडी मंदिराची चित्रं काढली, फोटो घेतले, वर प्लास्टरचे ठसेही घेतले.

ठशासाठी प्लास्टरच का? जिप्सम या खनिजात पाणी अडकलेलं असतं. ते साधारण 150 अंशांवर तापवलं की बरंचसं पाणी उडतं आणि पूड उरते. हेच आपलं गणपतीच्या मूर्तींचं पीओपी. त्यात पाणी घाला, पूड गेलेलं पाणी परत घेते. सुईसारखे बारीक स्फटिक तयार होऊन एकमेकांत गुंततात. भांडं चक्क गरम लागतं! शिवाय घट्ट होताना प्लास्टर किंचित फुगतं, म्हणून ते साच्याच्या बारीकशा खाचेतही शिरतं. छिन्नीचा ओरखडासुद्धा सुटत नाही.

ज्या कलाशाळेचे विद्यार्थी अंबरनाथला आले, तिच्यासाठी पैसे दिले जमशेटजी जीजीभॉय यांनी, तब्बल एक लाख रुपये. रिकाम्या बाटल्यांच्या धंद्यात उमेदवारी केलेला हा माणूस पुढे कापूस आणि अफूच्या व्यापारात गडगंज झाला. अफूचा पैसा काही चांगला नव्हे. पण शाळा झाली, 1857 मध्ये. तेच आजचं जे. जे.

तिकडे अमेरिकेतही कलेसाठी पैसा मोजणारा असाच एक धनिक होता, सिनसिनाटीचा निकोलस लाँगवर्थ. द्राक्षमळ्यांचा मालक. त्याने 1850 च्या सुमारास रॉबर्ट डंकनसन या कृष्णवर्णीय चित्रकाराकडून आपल्या घराच्या भिंतींवर डोंगर-नद्यांची आठ भलीमोठी चित्रं काढून घेतली. शहराला लागून वाहणाऱ्या ओहायो नदीच्या पलीकडे तेव्हा माणसं गुलाम म्हणून विकली जात होती, आणि अलीकडे डंकनसन श्रीमंताच्या घराच्या भिंती रंगवत होता! पुढे कुणीतरी त्या चित्रांवर चक्क वॉलपेपर डकवला. तो निघाला 1930 च्या दशकात. आता ते घर संग्रहालय आहे.

आता पुन्हा ठशाकडे. मंदिराचा घेतला तसा ठसा तुम्हालाही घरी घेता येईल. शाडूच्या ओल्या मातीत नाणं दाबून काढा, खळग्यात कालवलेलं पीओपी ओता आणि अर्ध्या तासाने उचला. हे करताना घरातलं मोठं माणूस जवळ असू द्या. मंदिरावर प्रयोग नको! आणि उरलेलं पीओपी मोरीत ओतू नका, ते पाइपातही घट्ट होतं.