वक्ता मिळवून देणारी संस्था निवडताना

परिषदांसाठी वक्ते मिळवून देणाऱ्या संस्था नव्या नाहीत. जेम्स रेडपाथ यांनी १८६८ मध्ये बोस्टनला अशी संस्था काढली. मार्क ट्वेन तिच्यामार्फत व्याख्यानांचे दौरे करत. अशा संस्थेचं कमिशन बहुधा मानधनातूनच निघतं, म्हणजे महागडा वक्ता सुचवण्यात तिचा फायदा असतो. म्हणून बजेट किती आणि श्रोते कोण, हे आधीच स्पष्ट सांगा. वक्त्याचं अलीकडचं अख्खं भाषण पाहायला मागा. टाळ्यांचे तुकडे जोडलेल्या व्हिडिओवरून काही कळत नाही. प्रवास, मुक्काम, जीएसटी मानधनात धरलेत का, कार्यक्रम रद्द झाला तर आगाऊ रकमेचं काय, वक्ता आजारी पडला तर बदली कोण, हे लेखी घ्या. वक्त्याशी आधी थेट बोलू न देणारी संस्था मी तरी टाळीन.