'कोण ढसाळ?' असे विचारणारी कात्री

जयंतीच्या आठवड्यात आमच्या पावणे गावात मोकळ्या जागेवर पडदा बांधून सिनेमा दाखवायची रीत भाड्याच्या व्हीसीआरच्या काळापासून आहे. एमआयडीसीतल्या कंपन्यांची पाळी सुटली की माणसे रिकामा डबा हातात घेऊन तशीच सतरंजीवर येऊन बसत. काही वर्षांपूर्वी मंडळाच्या पोरांनी ठरवले, यंदा मारधाडीचा हिंदी पिक्चर नको, आपल्या चळवळीवरचा माहितीपट दाखवू. पडदा चढला, सतरंज्या पडल्या आणि एक हवालदार मोटारसायकलवरून आला. म्हणाला, "सेन्सॉरचा दाखला आहे का? दाखवा." पोरे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली. त्याच मैदानात दुसऱ्या उत्सवांत रात्र रात्र सिनेमे चालले होते, तेव्हा कुणी दाखला मागितला नव्हता. शेवटी पडदा गुंडाळला. कोपऱ्यात बसलेले एक म्हातारे बाबा म्हणाले, "आरं, आता पिच्चरला बी जातीचा दाखला लागतोय व्हय?"

सगळे हसले. पण बाबांचा प्रश्न मनातून गेला नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

त्या हवालदाराने मागितलेल्या दाखल्याचे वय शंभराच्या वर आहे. इंग्रज सरकारने १९१८ साली सिनेमॅटोग्राफ कायदा केला आणि १९२० साली मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून या शहरांत सेन्सॉर मंडळे बसवली. तेव्हा दिल्लीचा काही संबंध नव्हता, ज्या त्या शहराची कात्री ज्या त्या शहरात. मुंबईच्या मंडळाचा प्रमुख कोण? पोलीस कमिशनर. म्हणजे कलेचा न्यायनिवाडा पहिल्या दिवसापासून पोलिसाच्या हातात. शिवाय जिल्ह्याचा मॅजिस्ट्रेट आपल्या हद्दीपुरता सिनेमा थांबवू शकत होता. १९२१ चा 'भक्त विदुर' मुंबईत चालला. त्यातला विदुर गांधींसारखा दिसतो म्हणून कराचीत आणि मद्रासेत त्यावर बंदी आली. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती. इलाखा एक, सिनेमा एक, पण एका गावात पास आणि दुसऱ्या गावात गुन्हा!

याच १९२० सालाच्या ३१ जानेवारीला बाबासाहेबांचा 'मूकनायक' निघाला. त्याची जाहिरात पैसे देऊन छापा म्हटले तरी 'केसरी'ने छापली नाही, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. सरकारी कात्री आणि सनातनी नकार अशा दोन कात्र्या एकाच शहराच्या आसपास एकाच वर्षी चालत होत्या. पहिलीविषयी पुस्तके लिहिली गेली. दुसरीला कुणी सेन्सॉरशिप म्हणतसुद्धा नाही.

सिनेमाच्या इतिहासात स्वातंत्र्यप्रेमाचे दाखले म्हणून दोन मराठी उदाहरणे हमखास दिली जातात. व्ही. शांताराम यांच्या 'स्वराज्याचे तोरण'मधला 'स्वराज्य' हा शब्द साहेबाला झोंबला आणि १९३० साली तो चित्रपट 'उदयकाल' या नावाने आला. दुसरे उदाहरण प्रभातच्याच संत एकनाथांवरील चित्रपटाचे. बालगंधर्व एकनाथ झाले होते. अस्पृश्याच्या घरी जेवायला जाणारा ब्राह्मण संत हा त्याचा विषय. नाव ठेवले होते 'महात्मा'. सेन्सॉरला त्यात गांधी दिसले, म्हणून १९३५ साली तो 'धर्मात्मा' नावाने झळकला.

इथे थोडे थांबले पाहिजे. 'महात्मा' ही पदवी १८८८ साली याच मुंबईत, मांडवीच्या कोळीवाड्यात, लोकांनी जोतीराव फुल्यांना दिली होती. पन्नास वर्षेही झाली नव्हती, तोवर त्या शब्दावरून साहेबाला आणि देशी पुढाऱ्यांना एकच माणूस आठवू लागला होता. आणखी एक योग पाहा. १९३५ हेच येवल्याचे वर्ष. पडद्यावर एकनाथ अस्पृश्याच्या पंगतीला बसत होते आणि पडद्याबाहेर अस्पृश्यांचा पुढारी 'हिंदू म्हणून मरणार नाही' असे जाहीर करत होता. पंगतीने भागत नाही हे येवल्याने सांगितले. या गोष्टीचा सिनेमा मात्र त्या काळी कुणी काढला नाही. न काढलेल्या सिनेमाला कात्री लावावी लागत नाही, हे सर्वात स्वस्त सेन्सॉर.

अमेरिकेतही शहराशहराचे सेन्सॉर होते. शिकागोने १९०७ साली ठराव केला की पोलीस प्रमुखाच्या परवान्याशिवाय सिनेमा दाखवायचा नाही. पुढे अनेक गावांनी तोच कित्ता गिरवला. पण आपल्याला ज्याची गोष्ट समजून घ्यायची ते शहर मेम्फिस. तिथे लॉईड बिनफोर्ड नावाचा गृहस्थ १९२८ पासून १९५५ पर्यंत सेन्सॉर मंडळाचा अध्यक्ष होता. धंद्याने विमा कंपनीवाला. त्याला सिनेमातले काय खुपायचे? काळा माणूस गोऱ्याशी बरोबरीने बोलला की खुपायचे! १९४५ साली 'ब्रूस्टर्स मिलियन्स' या विनोदी चित्रपटावर त्याने बंदी घातली, कारण त्यातला काळा नोकर मालकाशी फार मोकळेपणाने वागतो. १९४७ साली 'कर्ली' नावाचा लहान मुलांचा चित्रपट अडवला, कारण त्यात काळी आणि गोरी पोरे एका वर्गात बसतात, एकत्र खेळतात. चित्रपटात नंगेपणा नव्हता, खून नव्हता. पोरे एका वर्गात बसली एवढाच गुन्हा. मेम्फिसच्या जागी आपल्याकडचे कुठलेही जुने गाव आणि वर्गाच्या जागी पाणवठा घातला तर ओळख पटायला वेळ लागत नाही. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली ती याच मेम्फिसमध्ये, सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा द्यायला ते गेले असताना.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे १९५१ साली एकच केंद्रीय मंडळ आले, १९५२ चा कायदा आला, १९८३ साली 'सेन्सॉर'चे 'प्रमाणन' झाले. नाव सोज्वळ, कात्री तीच. स्थानिक कात्रीही गेली नाही. शांततेला धोका आहे असे वाटले तर जिल्हा दंडाधिकारी आपल्या हद्दीत सिनेमा थांबवू शकतो, हे कलम नव्या कायद्यातही राहिले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी चार शहरांवर एक छोटा माहितीपट केला. त्यात मुंबईच्या वेश्यावस्तीची दृश्ये होती. ती काढा म्हटल्यावर अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७० साली न्यायालयाने सिनेमाची आधी तपासणी घटनेत बसते असा निर्वाळा दिला. तोच दगड अजून रस्त्यात आहे.

ज्या मुंबईची दृश्ये अब्बास यांना कापायला सांगितली, तीच मुंबई १९७२ साली नामदेव ढसाळांनी 'गोलपिठा'मध्ये आणली. प्रस्तावना लिहिली विजय तेंडुलकरांनी. त्याच सुमारास तेंडुलकरांचे 'सखाराम बाइंडर' नाटकांच्या परिनिरीक्षण मंडळाच्या कात्रीत सापडले होते आणि कमलाकर सारंग कोर्टाच्या पायऱ्या चढत होते. ढसाळांचे अनेक शब्द आपल्याला कळत नाहीत असे तेंडुलकरांनी त्या प्रस्तावनेत मोकळेपणाने कबूल केले. ते ढसाळांबरोबर त्या वस्तीत फिरले, शब्दांचे अर्थ विचारून घेतले. न कळणे हा गुन्हा नाही. विचारायला जाण्यात माणूस मोठा होतो.

आता २०२५ सालाकडे या. ढसाळांच्या कविता घेतलेला 'चल हल्ला बोल' हा महेश बनसोडे यांचा मराठी चित्रपट मुंबईच्या मंडळापुढे गेला, आणि कविता काढा म्हणून सांगताना 'कोण ढसाळ? आम्ही ओळखत नाही' असे उत्तर मिळाल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या. पद्मश्री १९९९ साली मिळाली, २००४ साली साहित्य अकादमीने सुवर्णमहोत्सवी जीवनगौरव दिला, दलित पँथरचा इतिहास तर जगाच्या विद्यापीठांत शिकवतात. आणि ज्या मुंबईत गोलपिठा आहे त्याच मुंबईत बसून प्रश्न, कोण ढसाळ! तेंडुलकरांचा प्रश्न आणि हा प्रश्न दिसायला सारखे आहेत. एकाला उत्तर हवे होते.

त्याच वर्षी 'फुले' आला. अनंत महादेवन यांचा हा हिंदी चित्रपट ११ एप्रिलला, जोतीरावांच्या जयंतीला, लागायचा होता. काही ब्राह्मण संघटनांनी हरकती घेतल्या आणि तारीख २५ एप्रिलवर गेली. मंडळाने सुचवलेले बदल बातम्यांत आले. 'मांग', 'महार', 'पेशवाई' हे शब्द काढा, मनूच्या जातिव्यवस्थेचा उल्लेख काढा, तीन हजार वर्षांच्या गुलामीऐवजी 'कित्येक वर्षांची' म्हणा. जोतीरावांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला, तो 'मांग महारांच्या दुःखाविषयी' होता. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीने इंग्रज अमदानीत जे शब्द स्वतःच्या हाताने लिहिले, ते तिच्या गुरूवरच्या सिनेमात २०२५ साली आक्षेपार्ह ठरले. आकड्याचेही पाहा. तीन हजार म्हटले की हिशेब मागता येतो. 'कित्येक'चा हिशेब कोण मागणार?

त्याआधीही हे घडले आहे. ११ मे १९९८ ला, बुद्ध पौर्णिमेच्या दिवशी, पोखरणला अणुस्फोट केला गेला. आनंद पटवर्धन यांच्या 'जंग और अमन' या माहितीपटात त्यावर दलित कार्यकर्ता बोलतो. मंडळाच्या कापाकापीच्या यादीत त्याचे बोलणेही होते. पटवर्धन भांडले आणि २००३ साली मुंबई उच्च न्यायालयाने एकही काप न करता चित्रपट मोकळा केला.

आता स्वतःच्या घराकडे बघू. कारण कात्री मागणाऱ्यांत आपणही असतो. २००७ साली 'आजा नचले'च्या गाण्यात चर्मकारांना हिणवणारी ओळ होती. उत्तर प्रदेशात मायावती सरकारने बंदी घातली, निर्मात्यांनी माफी मागून ओळ काढली. योग्य झाले, असे मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो. हिणवणे वेगळे आणि हिणवल्याची हकीकत सांगणे वेगळे. १९१५ साली अमेरिकेतल्या काळ्यांच्या संघटनेनेही 'बर्थ ऑफ अ नेशन' बंद करा म्हणून गावोगाव निदर्शने केली होती. त्यात काळ्यांना जाळणाऱ्या टोळीला वीर ठरवले होते. त्यांना चूक म्हणायची माझी छाती नाही. पण त्या संघटनेने ज्या नगरपालिकांकडे बंदी मागितली, तसल्याच एका नगरपालिकेत पुढे बिनफोर्ड बसला, हेही खरे.

आणि १९८९ चा निकाल आठवा. 'ओरे ओरू ग्रामथिले' हा तमिळ चित्रपट आरक्षणाच्या विरोधात बोलणारा, म्हणजे सरळ आपल्या ताटावर हात घालणारा. मद्रास उच्च न्यायालयाने त्याचे प्रमाणपत्र रद्द केले. सर्वोच्च न्यायालयाने ते परत दिले आणि सांगितले की निदर्शनांच्या, हिंसेच्या धमकीला घाबरून अभिव्यक्तीचा गळा दाबता येणार नाही, शांतता राखणे हे सरकारचे काम आहे. हा निकाल आपल्या विरोधकाने मिळवला. पण 'फुले'वर हरकती आल्या तेव्हा आपल्या हातात कायद्याचे जे हत्यार होते ते हेच. १९८८ च्या फेब्रुवारीत 'रिडल्स'साठी मुंबईत मोर्चा निघाला, तेव्हा आपली मागणी बंदीची नव्हती. बाबासाहेबांच्या ग्रंथातले एक पानही कापू नका, एवढीच होती. ते परिशिष्ट राहिले, सरकारच्या असहमतीच्या टिपेसह राहिले. टिपेने आपले काही बिघडले नाही.

अडचण आहे ती पैशाची. पूर्वी मंडळाच्या निर्णयाविरुद्ध अपील न्यायाधिकरण होते, तिथे छोट्या माणसालाही जाता येई. २०२१ साली ते मोडीत काढले. आता थेट उच्च न्यायालय. कोट्यवधींचा निर्माता वकील उभा करतो. वर्गणी काढून सिनेमा करणाऱ्या आपल्या पोराने काय करायचे? तो तारखा मोजत बसतो किंवा स्वतःच कविता काढून टाकतो.

पावण्याच्या पोरांनी या वर्षीच्या जयंतीसाठी पुन्हा पडदा बांधायचे ठरवले आहे. या खेपेला त्यांनी ठाण्यात अर्ज आधीच दिला, पोच घेतली, प्रमाणपत्राची झेरॉक्स जोडली. कोणता सिनेमा, असे विचारले तर एकाने पाकिटातून घडी घातलेला कागद काढला. नावे तीन होती आणि तिन्हींच्या पुढे पोरांनी पेन्सिलीने लिहिले होते, कुठे काय कापले आहे. म्हणाला, "दादा, कापलेलं आम्ही मध्ये थांबवून माईकवर सांगणार." ते बाबा बाजूलाच बसले होते. त्यांनी विचारले, "माईकचा दाखला काढला का रे?"