स्टार्ट कसं करायचं? सायकलवरचं फोर-स्ट्रोक इंजिन आणि त्याच्या चालू होण्याच्या तऱ्हा

सायकलला इंजिन बसवायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "पळेल किती?" दुसरा येतो, "ॲव्हरेज काय देईल?" चालू कसं करायचं, हे मात्र कुणी विचारत नाही. जणू इंजिन बसलं की ते आपोआप धडधडायला लागणार! आमच्या फायनल इयर ग्रुपला हा प्रश्न पहिल्याच दिवशी पडला, आणि तो टाकला कॉलेजच्या बागेतल्या माळीमामांनी. कॅम्पसमध्ये झाडांना पाण्याचे कॅन नेण्यासाठी त्यांच्या सायकलला छोटं फोर-स्ट्रोक इंजिन बसवायचं, असा आमचा प्रोजेक्ट. मामांचा उजवा खांदा आखडलेला आहे. ते म्हणाले, "दोरी ओढायची असेल तर तुमची गाडी तुम्हालाच लखलाभ!" मग आम्ही इंजिन निवडायच्या आधी स्टार्टिंगचाच अभ्यास केला. ज्युनियर मंडळींनो, पुढचं फॅब्रिकेशन तुमच्या हातात आहे, म्हणून हा लेख.

जोर लागतो कुठे?

उदाहरणाला होंडाचं जीएक्सएच-५० घेऊ. ४९.४ सीसी, बोअर ४१.८ मिमी, स्ट्रोक ३६ मिमी, कॉम्प्रेशन रेशो ८:१. गळती वगैरे धरून स्ट्रोकच्या शेवटी दाब १० बार होतो असं समजा. पिस्टनचं क्षेत्रफळ १३.७ चौ.सेमी, म्हणजे पिस्टनवर जवळजवळ १२५ किलोचा भार आला. मुठीएवढं इंजिन, पण आत एक सव्वा क्विंटलचा पहिलवान बसलाय!

पण घाबरू नका. भार मोठा असला तरी तो अगदी थोड्या अंतरात येतो. थर्मोडायनॅमिक्सचं गणित मांडलं तर एका कॉम्प्रेशनला निव्वळ काम लागतं साधारण १२ ज्यूल. त्यातलं बरंचसं पिस्टन खाली जाताना परतही मिळतं. म्हणजे प्रश्न एवढाच, की हे १२ ज्यूल योग्य क्षणी द्यायचे कुणी? हाताने, पायाने, बॅटरीने की चालत्या सायकलने?

फोर-स्ट्रोकची आणखी एक गंमत. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला पेटायची संधी असते, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांतून एकदा. दोरीच्या एका झटक्यात क्रँक तीन फेरे फिरला, तर टू-स्ट्रोकला तीन संधी मिळतात, आपल्याला एक किंवा फार तर दोन. म्हणून प्रत्येक झटका कामाचा हवा.

दोरी (रिकॉइल)

अशा छोट्या इंजिनांवर बहुतेक वेळा हीच असते. स्वस्त, हलकी, बॅटरीची कटकट नाही. १० किलो जोराने ६० सेमी ओढलं की साधारण ६० ज्यूल मिळतात, म्हणजे हिशोबाने भरपूर. ओढायची पद्धत मात्र आहे. आधी हळू ओढायचं, अडल्यासारखं वाटेपर्यंत. यात दोरीची ढिलाई निघते आणि आतला खटका पकडतो. मग एक जोरदार झटका. दोरी हातातून सोडून द्यायची नाही, हाताबरोबर परत आत जाऊ द्यायची. अर्धवट ताकदीने ओढलं तर ठिणगी पिस्टन वर पोचायच्या आधीच पडून क्रँक उलटा फिरू शकतो आणि हाताला चांगलाच हिसका बसतो. आखडलेल्या खांद्याला हे औषध नव्हे!

पेडल

ही सगळ्यात जुनी आणि माझ्या मते सगळ्यात हुशार पद्धत. अमेरिकेत १९३९ मध्ये आलेलं व्हिझर हे १३८ सीसीचं फोर-स्ट्रोक किट पेडल मारूनच चालू व्हायचं. त्यात कॉम्प्रेशन रिलीज होता. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलून धरायचा, पेडल मारून वेग घ्यायचा आणि मग सोडून द्यायचा. इटलीत सियाताने तयार केलेलं आणि १९४६ पासून डुकाटीने बनवलेलं ४८ सीसीचं कुच्चोलो, म्हणजे कुत्र्याचं पिल्लू, हेही फोर-स्ट्रोक आणि पेडलनेच चालू होणारं. आपल्याकडे १९७२ मध्ये आलेली लूना पेडल मारून चालू करताना घरच्या मोठ्यांनी पाहिलेलीच असेल. ती टू-स्ट्रोक, पण युक्ती तीच.

हे इतकं सोपं का जातं? आकडे पाहा. माणूस, सायकल आणि इंजिन मिळून ९० किलो, वेग ताशी १० किमी. साठलेली ऊर्जा साधारण ३५० ज्यूल! १२ ज्यूलचं कॉम्प्रेशन तिच्यापुढे किरकोळ. २८ इंची चाकाचा घेर २.२ मीटर धरला तर या वेगाला चाक मिनिटाला ७६ फेरे घेतं. इंजिन ते चाक रेशो १८:१ असेल तर क्रँक फिरतो सुमारे १३६० आरपीएमने. इतक्या वेगात मॅग्नेटोची ठिणगीही जोरदार पडते.

पण मग सगळे पेडलनेच का चालू करत नाहीत?

उत्तर आहे क्लच. अशा इंजिनांना बहुधा सेंट्रिफ्यूगल क्लच जोडतात. इंजिनचा वेग वाढला की बुटं बाहेर फेकली जाऊन ड्रमला घासतात. इंजिन बंद असताना बुटं आत मिटलेली. चाक कितीही फिरवा, फक्त ड्रम फिरतो, क्रँक ढिम्म! ॲक्टिव्हा धक्का मारून चालू होत नाही आणि स्प्लेंडर दुसऱ्या गिअरमध्ये होते, त्याचं कारण हेच. पेडलवाल्या मोपेडमध्ये यासाठी चाकाकडून इंजिनकडे पकडणारी वेगळी सोय केलेली असते.

म्हणजे स्टार्टिंगची पद्धत इंजिनपेक्षा क्लच ठरवतो. हे एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी पुरे.

सेल्फ, किक आणि ड्रिल

सेल्फ सगळ्यांना आवडतो. पण २०० वॅटची मोटर १२ व्होल्टवर १७ अँपिअर खाते. म्हणजे बॅटरी, जाड वायरी, रिले, शिवाय चार्जिंग कॉइल. टीव्हीएसच्या एक्सएल-१०० या ९९.७ सीसीच्या फोर-स्ट्रोक मोपेडला आधी किक होती, नंतर बटनही आलं. त्यात एकच मशीन स्टार्टरचं आणि जनरेटरचं काम करतं. हे कंपनीला जमतं, आपल्या बजेटला नाही. किक बसवायची तर गिअर आणि शाफ्ट वेगळे बनवावे लागतात. काहीजण क्रँकच्या नटला कॉर्डलेस ड्रिल लावतात. मधे वन-वे बेअरिंग नसेल तर ते करूच नका. इंजिन पेटताच ड्रिलसकट मनगट फिरवेल.

आम्ही काय ठरवलं?

हँड क्लच, पेडल स्टार्ट आणि डिकॉम्प्रेशन असलेलं इंजिन. अनेक लहान फोर-स्ट्रोक इंजिनांत कॅमशाफ्टवरच एक छोटं वजन असतं. कमी वेगात ते व्हॉल्व्ह जरासा उघडा ठेवतं आणि वेग आला की बाजूला होतं. ही सोय का हवी? मामा सायकल मागच्या स्टँडवर उभी करून पेडल मारणार. तेव्हा ते ३५० ज्यूल गायब! फिरतं फक्त चाक. रिम-टायर मिळून २ किलो धरले तर त्याच वेगाला जेमतेम ८ ज्यूल, म्हणजे एका कॉम्प्रेशनलाही अपुरे. डिकॉम्प्रेशन असलं की चाक आणि फ्लायव्हील दोन्ही आधी वेग घेतात, आणि पायाचा जोर चालूच असतो.

तोटेही सांगतो. हँड क्लच वेगळा जोडावा लागेल, म्हणजे लेथवरचं काम वाढणार. झाडापाशी थांबल्यावर क्लच दाबूनच धरावा लागेल, म्हणून लिव्हरला अडकवायचा खटका हवाच. आणि कॅन स्टार्ट झाल्यावरच चढवायचे.

गाडी कॅम्पसच्या आतच ठेवा. मोटर वाहन कायदा १९८८ च्या व्याख्येतून २५ सीसीपर्यंतच्याच दुचाकी वगळल्या आहेत. आपलं इंजिन त्याच्या दुप्पट आहे.

तर ज्युनियर्स, इंजिन विकत घ्यायच्या आधी दुकानदाराला दोनच प्रश्न विचारा: क्लच कुठला, आणि डिकॉम्प्रेशन आहे का? टॉप स्पीड नंतर बघू. चालू झाली तर पळेल ना!