जेवलास का? आणि व्हिसा कधीपर्यंत?

माझा धाकटा भाऊ अमेरिकेत असतो. दर रविवारी सकाळी त्याचा फोन येतो. आईचे प्रश्न ठरलेले. जेवलास का? थंडी आहे का? बाळ काय म्हणतंय? त्याची उत्तरंही ठरलेली. सगळं छान आहे आई, काळजी करू नकोस. अशी कितीतरी वर्षं गेली, पण 'तुझा व्हिसा कधीपर्यंत आहे रे?' असं आमच्या घरात कधी कुणी विचारलं नाही. ते पुरुषांचं, ऑफिसचं, कागदपत्रांचं काम. आपल्याला काय कळतंय त्यातलं?

जुलै २०२० मध्ये आमचे बाबा गेले. कोरोनाने नाही, हृदयविकाराने. चिपळूणात बाहेर पाऊस कोसळत होता आणि अंत्ययात्रेला वीसच माणसं हा नियम. सकाळचे अकरा वाजलेले, भावाकडे आदल्या दिवशीची रात्र. मोबाइल माझ्या मुलाच्या हातात होता. रेंज जात होती, येत होती. अग्नी मी दिला. त्याबद्दल कुणी काही बोललं नाही, पण तेराव्यापर्यंत दारात येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी एकच, "मुलगा आला नाही ना?"

खरं सांगते मैत्रिणींनो, माझ्याही मनात तेच होतं. तोवर अमेरिकेतून विमानं येऊ लागली होती. माझ्या माहितीतली माणसं परत आली होती. मग याला यायला काय झालं? दोन महिने मी त्याच्याशी धड बोलले नाही. शेवटी एक दिवस भावजयीचा फोन आला. रडतच म्हणाली, "ताई, त्यांचं स्टॅम्पिंग मार्चमध्येच संपलंय. आले असते तर परत येता आलं नसतं. आईंना काळजी नको म्हणून त्यांनी सांगितलं नाही."

मग मी नीट विचारून घेतलं. अमेरिकेत राहून नोकरी करण्याची परवानगी हा एक कागद आणि बाहेर जाऊन पुन्हा आत शिरण्यासाठी पासपोर्टवर लागणारा व्हिसा हा वेगळाच. भावाची राहण्याची परवानगी चालू होती, पासपोर्टवरचा व्हिसा संपला होता. एरवी तो सुट्टीत भारतात येई, मुंबईच्या वकिलातीतून नवा व्हिसा घेई आणि परत जाई. पण मार्च २०२० पासून अमेरिकी वकिलातींची नेहमीची कामं बंद होती. त्यात २२ जूनला तिथल्या अध्यक्षांचा हुकूम निघाला. नोकरीच्या काही व्हिसांवर बाहेरून येणाऱ्यांना वर्षअखेरपर्यंत प्रवेश नाही. पुढे त्याची मुदत ३१ मार्च २०२१ पर्यंत वाढली. हुकूम निघाला तेव्हा भाऊ तिथेच असल्यामुळे तो त्याला थेट लागू नव्हता म्हणे. पण वकिलातच बंद, तर व्हिसा देणार कोण? तिकडे नोकरी, घराचं कर्ज, दोन वर्षांचं मूल. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा, हाही नियम डोक्यावर.

म्हणजे तो यायचं टाळत नव्हता. बाप आणि लेक यांतून त्याला एक निवडावं लागत होतं. आणि मी इथे त्याच्यावर रुसून बसले होते!

त्याच्या लेकराची आणखी वेगळी गंमत. आई-बाप भारतीय, मूल तिथे जन्मलं म्हणून अमेरिकी नागरिक. अशा मुलांना आपलं सरकार 'ओसीआय' कार्ड देतं. ते असलं की भारतात यायला वेगळा व्हिसा लागत नाही. पण १३ मार्च २०२० पासून आपल्या सरकारने बहुतेक सगळे व्हिसा स्थगित केले, तशी या कार्डावरची ही सवलतही थांबवली. २२-२३ मार्चपासून आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं बंद झाली. ७ मे रोजी 'वंदे भारत' मोहीम सुरू झाली. पहिली विमानं अबू धाबी आणि दुबईहून केरळात उतरली. नौदलाचं 'जलाश्व' जहाज मालदीवमधून ६९८ जणांना घेऊन १० मे रोजी कोचीला आलं. टीव्हीवर ते पाहून आपण टाळ्या वाजवल्या. पण त्याच दिवसांत अमेरिकेत कितीतरी आयांना विमानतळावर सांगितलं गेलं, तुम्ही जा, तुमचं मूल येऊ शकत नाही. तान्ह्या बाळाला सोडून कुठली आई विमानात चढेल? बराच ओरडा झाल्यावर २२ मे रोजी सरकारने भारतीय आई-वडिलांच्या अशा लहान मुलांना आणि घरात मृत्यूसारखा प्रसंग ओढवलेल्या ओसीआय कार्डधारकांना येऊ दिलं.

आमच्या आळीतल्या काकूंची कथा याच्या उलट. त्या लेकीच्या बाळंतपणासाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये न्यू जर्सीला गेल्या. व्हिसा दहा वर्षांचा, म्हणून सगळे निर्धास्त. पण दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे दहा वर्षं राहायची परवानगी नव्हे. विमानतळावर उतरल्यावर किती दिवस राहायचं ती तारीख मिळते आणि ती बहुधा सहा महिन्यांची असते. काकूंची तारीख मे २०२० ची आणि विमानं तर मार्चमध्येच बंद! बाळंतिणीने ओल्या अंगाने, बाळ मांडीवर घेऊन आईच्या मुदतवाढीचा अर्ज भरला. तारीख उलटण्याआधी भरला म्हणून निभावलं. इथून नेलेल्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या, तिथे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळेनात. जुलैत काकू एकदाच्या मुंबईला उतरल्या, सात दिवस स्वतःच्या खर्चाने हॉटेलात राहिल्या आणि मग ई-पास काढून गावी आल्या. घरी पोचल्यावर पहिलं वाक्य काय म्हणाल्या? "बारशाला घुगऱ्या झाल्या नाहीत गं."

अमेरिकेची ही तऱ्हा, मग आखाताची काय सांगावी? आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात खेड, दापोली, चिपळूण, राजापूर भागात घराघरातला एखादा माणूस कुवेत, दुबई, सौदीला असतो. आमच्या बचत गटातल्या एका भाभीचा नवरा कुवेतला एसी दुरुस्तीचं काम करतो. मार्च २०२०च्या पहिल्या आठवड्यात तो दोन महिन्यांच्या सुट्टीवर आला. महाराष्ट्रात पहिले रुग्ण ९ मार्चला पुण्यात सापडले, ते दुबईहून फिरून आलेले. झालं! परदेशातून आलेला प्रत्येक माणूस लोकांच्या डोळ्यांत खुपू लागला. भाभीच्या नळावर पाण्याला येणाऱ्या बायका यायच्या बंद झाल्या.

खरी कसोटी पुढेच होती. आखातातल्या बऱ्याच देशांत नियम असा, की सलग सहा महिने देशाबाहेर राहिलात तर तिथला राहण्याचा परवाना रद्द होतो. साथीच्या काळात कुवेतने या नियमात सूट दिली आणि परवान्याचं नूतनीकरण ऑनलाइन करू दिलं. पण ते करायचं मालकाने. मालक भला म्हणून भाभीच्या नवऱ्याचं झालं. त्याच्याच खोलीत राहणाऱ्या दुसऱ्याचं झालं नाही. त्याची बारा वर्षांची नोकरी अशी बसल्या जागी गेली.

ऑगस्ट २०२० मध्ये कुवेतने भारतातून थेट येणाऱ्यांना बंदी केली. मधल्या एखाद्या देशात चौदा दिवस काढून या म्हणाले. लोक दुबईला हॉटेलात चौदा दिवस काढून पुढे जाऊ लागले. तिकीट, हॉटेल, तपासण्या, एवढा खर्च भाभी कुठून करणार? फेब्रुवारी २०२१ मध्ये तर कुवेतने परदेशी माणसांना दारच बंद केलं. दीड वर्ष घरात पगार नाही. भाभीने बांगड्या गहाण टाकल्या, गटातून कर्ज घेतलं, आंब्याच्या हंगामात पेट्या भरायला गेली.

त्यानंतर आली लशीची भानगड. तेव्हा कोविशिल्डच्या दुसऱ्या डोससाठी ८४ दिवस थांबावं लागे. जून २०२१ मध्ये सरकारने परदेशी नोकरीला आणि शिक्षणाला जाणाऱ्यांना २८ दिवसांनी दुसरा डोस द्यायचं ठरवलं. प्रमाणपत्रावर पासपोर्टचा नंबरही टाकून मिळू लागला. ही बातमी गटाच्या बैठकीत मी वाचून दाखवली आणि भाभी दुसऱ्याच दिवशी नवऱ्याला घेऊन लसीकरण केंद्रावर हजर! कोव्हॅक्सिन घेतलेल्यांची मात्र अडचण झाली. जागतिक आरोग्य संघटनेने ती लस मान्य केली ती ३ नोव्हेंबर २०२१ ला. तोवर बरेच देश ती धरत नव्हते.

कुवेत लसवंतांना १ ऑगस्टपासून घेणार हे जाहीर झालं आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूणला महापूर आला. त्या रात्रीचं वर्णन मी करत नाही, आपण सगळ्यांनी भोगलंय. भाभीच्या घरात पुरुषभर पाणी. फ्रीज, शिलाई मशीन, धान्याचे डबे, सगळं गेलं. पण पाणी चढायला लागलं तेव्हा तिने आधी मुलांना शेजारच्या गच्चीवर धाडलं आणि दुसऱ्या फेरीत कपाटातली फाइल प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कमरेला खोचली. पासपोर्ट, परवान्याची प्रत, लशीचं प्रमाणपत्र, मालकाचं पत्र. सप्टेंबरमध्ये थेट विमानं सुरू झाली आणि नवरा कामावर गेला. मला म्हणाली, "ताई, सोनं परत करता येतं. हे कागद परत करायला मला किती ऑफिसं फिरावी लागली असती?"

दहावी नापास बाई. पण तिला नवऱ्याच्या परवान्याची तारीख पाठ होती. मी बीए झालेली, आणि मला सख्ख्या भावाची माहीत नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची आणीबाणी ५ मे २०२३ रोजी संपवली. पण तिची शेपटी लांबत राहिली. मुंबईतून अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाच्या मुलाखतीसाठी २०२२ च्या अखेरीला दोन वर्षांहून अधिक थांबावं लागत होतं. किती बाळंतपणं आईविना झाली असतील! साथ आली की प्रत्येक देश आधी आपलं दार लावून घेतो. उद्या पुन्हा एखादी आली तर असंच होणार. तेव्हा ज्यांचं माणूस परदेशी आहे, त्या सगळ्यांना एवढंच सांगणं:

घरात एक फाइल करा आणि ती कुठे आहे हे दोघा-तिघांना माहीत असू द्या. तीत पासपोर्ट, व्हिसा, परवाना, विमा यांच्या प्रती ठेवा आणि फोटो मोबाइलमध्येही ठेवा.

पहिल्या पानावर तारखा लिहा. पासपोर्ट कधी संपतो, व्हिसा कधी संपतो, राहण्याची मुदत कधी संपते. या तिन्ही तारखा वेगळ्या असतात. बरेच देश पासपोर्टला सहा महिने मुदत शिल्लक मागतात. आपल्याकडे तो संपण्याआधी वर्षभर नवा करता येतो.

माणूस आखातातून सुट्टीवर आलं की आल्याची तारीख कॅलेंडरवर लिहा.

सगळ्या कागदांवरचं नाव आणि जन्मतारीख पासपोर्टशी जुळते का ते पाहा.

तिकडे जाणाऱ्या आई-वडिलांबरोबर जादा औषधं, डॉक्टरची चिठ्ठी आणि प्रवास विमा द्या.

त्या देशातल्या भारतीय दूतावासाचा नंबर लिहून ठेवा. अडचण आली तर परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर घरबसल्या तक्रार नोंदवता येते.

भाऊ २०२२ च्या गणपतीत आला. एकटाच. आल्या आल्या बाबांच्या खोलीत जाऊन बसला, कितीतरी वेळ. पासपोर्ट मुंबईत स्टॅम्पिंगला दिलेला, तो हातात येईपर्यंत पंधरा दिवस जीव टांगणीला. त्या पंधरा दिवसांत आम्ही दोघं पोटभर बोललो. मी म्हटलं, "तू सांगितलं का नाहीस रे?" तो म्हणाला, "तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

आता रविवारी फोन आला की आई आधी विचारते, जेवलास का? आणि लगेच, व्हिसा कधीपर्यंत? तो हसतो, पण तारीख सांगतो. आई ती देवघराशेजारच्या कॅलेंडरवर लिहून ठेवते, एकादशी-चतुर्थीच्या ओळीत.