मटणाची नळी, जुनी चप्पल की रबरी खेळणं? कुत्र्याच्या पिल्लाला चावायला नेमकं काय द्यावं?

रविवारचं मटण झालं की ताटातल्या नळ्या गोळा होतात आणि घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, 'पिल्लाला दे ना, कुत्र्यांना हाडं आवडतातच.' पिल्लूही शेपूट हलवत तयारच असतं. पण पशुवैद्य ज्या गोष्टी पिल्लाला अजिबात देऊ नका म्हणून सांगतात, त्यात शिजवलेलं हाड सगळ्यात वर असतं. असं का? आणि मग दोन-तीन महिन्यांच्या पिल्लानं चावायचं तरी काय?

पिल्लू सतत का चावतं?

कुत्र्याच्या पिल्लाला २८ दुधाचे दात असतात. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून ते यायला लागतात आणि दोन महिन्यांचं होईपर्यंत तोंड भरतं. साडेतीन-चार महिन्यांपासून हे दात पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत त्यांच्या जागी ४२ पक्के दात येतात. या काळात हिरड्या ठणकतात आणि काहीतरी चावलं की पिल्लाला बरं वाटतं. शिवाय लहान मूल जसं प्रत्येक वस्तू हाताळून बघतं, तसं पिल्लू प्रत्येक वस्तू तोंडात घालून बघतं.

म्हणजे चावणं ही खोड नाही, गरज आहे. ओरडून किंवा मारून ती थांबत नाही. चावायला योग्य वस्तू दिली नाही, तर पिल्लू स्वतःच शोधून काढतं. मग ती दारातली चप्पल असेल, सोफ्याचा कोपरा असेल किंवा मोबाइल चार्जरची वायर. यातली वायर सगळ्यात धोकादायक, कारण ती चावल्यानं शॉक बसू शकतो.

चप्पल जुनी असली तरी देऊ नये. 'जुनी चालते, नवी कोल्हापुरी चालत नाही' हा फरक पिल्लाला कळत नाही.

हाड का नको?

हाड शिजवलं की ठिसूळ होतं आणि चावल्यावर त्याच्या टोकदार कपच्या निघतात. कोंबडीची हाडं याबाबतीत बदनाम आहेतच, पण मटणाचीही सुरक्षित नाहीत. कपची घशात अडकू शकते, आतड्याला इजा करू शकते. नळीचा गोल तुकडा तर खालच्या जबड्यात कड्यासारखा अडकतो. तो काढायला कधी कधी भूल द्यावी लागते.

दुकानात पाकिटात मिळणारी हाडं तरी बरी का? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१७ मध्ये अशा 'बोन ट्रीट'बद्दल इशारा दिला होता. त्या संस्थेकडे आलेल्या सुमारे ६८ तक्रारींमध्ये सुमारे ९० कुत्रे आजारी पडल्याची आणि १५ दगावल्याची नोंद होती.

दुकानातल्या इतर वस्तूंचं काय?

पेट शॉपमध्ये किंवा ऑनलाइन 'पपी च्यू' शोधलं की ढीगभर पर्याय दिसतात. त्यातल्या या गोष्टी लहान पिल्लासाठी टाळाव्यात:

• रॉहाइडच्या कांड्या आणि गाठी मारलेली 'हाडं' : हे जनावराच्या कातडीच्या आतल्या थरापासून बनवतात. चघळून ती लिबलिबीत होतात, मोठा तुकडा तुटला की पिल्लू तो तसाच गिळतं. तो लवकर पचत नाही आणि घशात किंवा आतड्यात अडकू शकतो.

• खूर, शिंगं आणि छुर्पी : याकच्या दुधापासून बनणारी ही हिमालयातली छुर्पी आता 'याक च्यू' म्हणून सगळीकडे मिळते. पण ती दगडासारखी कडक असते. दुधाचे दात बारीक आणि नाजूक असतात. असा दात मोडला तर तिथे संसर्ग होऊन खालून येणाऱ्या पक्क्या दातालाही इजा होऊ शकते.

• दोरीची खेळणी : ओढाओढी खेळायला ठीक, पण संपताच उचलून ठेवावीत. गिळलेले लांब धागे आतड्यात अडकून ते कापू शकतात.

• बटणाचे डोळे किंवा आत शिट्टी असलेली मऊ खेळणी : पिल्लू ती फाडतं आणि बटण, कापूस, शिट्टी सगळं पोटात जातं.

• एकच भोक असलेले चेंडू : आत हवेची पोकळी तयार होऊन जीभ अडकू शकते. दोन भोकं असलेलं खेळणं बरं.

भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं, पण ती सक्ती १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांपुरती आहे. त्यामुळे कुत्र्याच्या खेळण्यावर 'नॉन-टॉक्सिक' लिहिलं असलं, तरी त्यावर विसंबून न राहता वस्तू स्वतः तपासावी.

घरच्या घरी कसं तपासायचं?

पहिली चाचणी नखाची. वस्तूवर अंगठ्याचं नख दाबावं. खूण उमटली किंवा वस्तू थोडी दबली तर ती चालेल. नख लागतच नसेल तर ती पिल्लाच्या दातांसाठी फार कडक आहे.

दुसरी चाचणी आकाराची. वस्तू पिल्लाच्या तोंडात पूर्ण मावता कामा नये. पिल्लू दर आठवड्याला वाढतं, त्यामुळे दुसऱ्या महिन्यात घेतलेला चेंडू पाचव्या महिन्यात घशात जाण्याइतका लहान ठरू शकतो.

तिसरी गोष्ट रोजच्या नजरेची. तडा गेलेलं, तुकडे निघू लागलेलं खेळणं महाग असलं तरी फेकून द्यावं.

मग द्यायचं काय?

सगळ्यात सोयीचं म्हणजे पिल्लांसाठी असलेलं मऊ रबराचं पोकळ खेळणं. या प्रकारातला प्रसिद्ध 'काँग' १९७६ मध्ये अमेरिकेत आला. जो मार्कहॅम यांचा कुत्रा दगड चावायचा. गाडीच्या सस्पेन्शनचा रबरी भाग त्याला आवडल्याचं पाहून त्यांना ही कल्पना सुचली. अशा खेळण्यात पिल्लाचंच भिजवलेलं खाणं, उकडलेला लाल भोपळा किंवा साधं दही-भात भरून फ्रीजमध्ये ठेवलं, की थंडाव्यानं हिरड्यांना आराम पडतो आणि पिल्लू बराच वेळ गुंतून राहतं.

पीनट बटर भरायचं असेल तर आधी लेबल वाचावं. 'शुगर-फ्री' प्रकारात झायलिटॉल असू शकतं, लेबलवर ते ९६७ या क्रमांकानंही लिहितात. कुत्र्यांमध्ये ते रक्तातली साखर झपाट्यानं खाली आणतं आणि यकृत निकामी करू शकतं.

फार खर्च करायचा नसेल तर स्वच्छ सुती फडकं ओलं करून, पिळा देऊन फ्रीझरमध्ये ठेवावं आणि समोर बसून चावायला द्यावं. चिंध्या निघायला लागल्या की काढून घ्यावं. गार केलेलं अख्खं जाड गाजरही चालतं, मात्र ते लहान होत आलं की परत घ्यावं.

डॉक्टरांकडे कधी धावायचं?

दात पडताना खेळण्यावर रक्ताचा एखादा ठिपका दिसणं किंवा पिल्लानं दुधाचा दात गिळणं यात घाबरण्यासारखं काही नाही. पण वारंवार उलट्या, खाणं बंद, पोटाला हात लावू न देणं, शी करताना कुंथणं किंवा एकदम मलूल होणं ही आतडं तुंबल्याची लक्षणं असू शकतात. अशा वेळी 'उद्यापर्यंत बघू' म्हणू नये. तोंडातून किंवा गुदद्वारातून धागा लोंबताना दिसला तर तो ओढू नये. आत अडकलेला धागा ओढल्यानं आतडं फाटू शकतं. श्वास अडकत असेल तर वाट न पाहता जवळचा दवाखाना गाठावा.

आणि रविवारच्या नळ्या? त्या झाकणाच्या डब्यात टाकाव्यात. पिल्लू कचऱ्याच्या पिशवीपर्यंत पोहोचतंच.