करवत पुसली का?

चिनार म्हटलं की आपल्याला काश्मीर आठवतं. या चिनाराचा एक भाऊबंद युरोपातल्या शहरांत रस्तोरस्ती उभा आहे. आपला चिनार आणि त्याचा अमेरिकेतला नातलग यांच्या संकरातून हे झाड जन्मलं. त्याला ‘लंडन प्लेन’ म्हणतात. धूर, धूळ, फरशीखाली आवळलेली मुळं, वर्षानुवर्षांची छाटणी असं सगळं ते सोसतं. अशा सोशिक झाडालाही बुरशीजन्य रोग छळतात. त्यातले तीन मुख्य.

पहिला करपा. आपल्याकडे आंब्यावर, द्राक्षावर येतो तसलाच. वसंतात गारठा आणि पाऊस लांबला की कोवळी पानं करपून गळतात. लोक घाबरतात, पण ऊन पडलं की झाड बहुधा पुन्हा पालवतं. गळलेला पाला झाडून न्यायचा, वाळक्या काटक्या काढायच्या, एवढंच करायचं.

दुसरा मॅसेरिया. यात झाड सहसा मरत नाही, धोका असतो तो खालून जाणाऱ्याला. बुरशी फांदीच्या वरच्या अंगाने पसरते. खालचं अंग धडधाकट दिसतं, त्यामुळे जमिनीवरून पाहणाऱ्याला काही कळत नाही आणि एक दिवस फांदी कोसळते. म्हणून लंडनमध्ये अशा झाडांची पुन्हा पुन्हा तपासणी करतात, वेळप्रसंगी वर चढून.

तिसरा रोग मात्र जीवघेणा. ‘सेराटोसिस्टिस प्लॅटानी’ नावाची बुरशी जखमेतून आत शिरते, लाकडावर काळपट डाग पाडते आणि पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्या निकामी करते. मोठी झाडंही काही वर्षांत वाळतात. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकी सैन्याच्या दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून ती फ्रान्समध्ये आली, असं मानलं जातं. 2006 मध्ये ती कॅनाल द्यु मिदी या सतराव्या शतकातल्या कालव्यावर आढळली. काठावर प्लेनची सुमारे 42,000 झाडं होती. एकमेकांत जुळलेली मुळं, कालव्याचं पाणी आणि नावांच्या धक्क्याने सोललेल्या मुळ्या, या वाटांनी रोग पसरला. आजवर निम्म्याहून अधिक झाडं तोडून जाळावी लागली. आजारी झाडांबरोबर त्यांच्या शेजारची निरोगी दिसणारीसुद्धा.

यावर औषध नाही. इलाज आहे तो फक्त शिस्तीचा. शहरांत ही बुरशी सर्वांत जास्त फिरते ती माणसाच्याच हातून: करवतीवर, छाटणीच्या यंत्रावर, रस्ता खणताना मुळं तोडणाऱ्या जेसीबीच्या दातांवर. कारण करवतीच्या भुशातही तिचे बीजाणू जिवंत राहतात. म्हणून एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना हत्यारावरचा भुसा आधी साफ करायचा आणि मगच स्पिरिटने पुसायचं. भुसा तसाच राहिला तर स्पिरिट फुकट. गरज नसेल तर झाडाला जखम करायचीच नाही. आणि नव्याने लावताना एकाच जातीची रांग नको. कालव्यावर आता वेगवेगळ्या जातींची झाडं लावताहेत.

हे दूरचं वाटत असेल, तर सांगोल्याकडची एक आठवण सांगतो. तिथे एका बागायतदाराने वाळलेलं डाळिंबाचं झाड उपटून खोड उभं चिरून दाखवलं. आत तसाच काळपट डाग होता. डाळिंबाला ‘मर’ आणणारी बुरशी याच घराण्यातली. त्याने छाटणीची कात्री पुसायला गड्याला एक बाटली दिली होती. “साहेब, हिच्यावाचून झाडाला हात लावायचा न्हाई,” तो म्हणाला.

मी परत आलो तेव्हा आमच्या सोसायटीत पावसाळ्यापूर्वीची छाटणी चालली होती. मी फांद्या तोडणाऱ्याला म्हटलं, “बाबा, करवत पुसून घे.” तो हसला. “काय ऑपरेशन आहे का काका?”

“ऑपरेशनच आहे,” मी म्हटलं आणि घरातून फडकं आणलं.